सोळा महिन्यांची नर्सिंग पदवी आणि तिच्याआधीची दोन वर्षे

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थिनींकडून आणि त्यांच्या पालकांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो : अमेरिकेत सव्वा-दीड वर्षात नर्सिंगची पदवी मिळते, हे खरे आहे काय? प्रश्न एकच असला तरी तो विचारणारे दोन प्रकारचे आहेत. येथून बारावी होऊन पुढे सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र किंवा वाणिज्य यांत पदवीधर झालेल्या, विवाहानंतर न्यू जर्सी, टेक्सास अशा ठिकाणी गेलेल्या आणि आता मुले शाळेत जाऊ लागल्यावर स्वतःच्या पायावर उभे राहू पाहणाऱ्या मुली हा पहिला प्रकार. तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या सल्लागाराने हाती रंगीत पत्रक ठेवल्यामुळे घरचा भूखंड विकण्याच्या गोष्टी बोलू लागलेले पालक हा दुसरा. या दोघांना एकच उत्तर देता येत नाही. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय थोडा सविस्तर मांडावा, असे आम्हांस वाटले.

प्रथम ही पदवी म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत बारावीनंतर नर्सिंगची पदवी घ्यावयाची तर चार वर्षे लागतात. परंतु ज्याने अन्य विषयात पदवी आधीच मिळविली आहे, त्याने भाषा, इतिहास, समाजशास्त्र हे सामान्य विषय पुन्हा का शिकावेत, या विचारातून पदवीधरांसाठी वेगळा अभ्यासक्रम निघाला. सेंट लुईस विद्यापीठाने १९७१ मध्ये असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आज तो तेथील बहुतेक राज्यांत उपलब्ध असून साधारणतः ११ ते १८ महिन्यांत पूर्ण होतो. त्याला द्रुतगती पदवी म्हणतात. येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. द्रुतगती म्हणजे कमी अभ्यास नव्हे. रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचे तास चार वर्षांच्या विद्यार्थ्याइतकेच असतात. कमी होतात त्या सुट्ट्या. उन्हाळ्याची सुटी नाही, सत्रांमधली विश्रांती नाममात्र, पहाटे रुग्णालय, दुपारी वर्ग, रात्री औषधांच्या मात्रांची गणिते. या काळात नोकरी करू नये, असे बहुतेक विद्यापीठे स्पष्टपणे सांगतात. ज्यांच्या घरी लहान मूल आहे, त्यांनी ते सांभाळण्याची व्यवस्था अर्ज करण्याआधीच लावावी. प्रवेश मिळाल्यावर ती लावण्यास वेळ मिळत नाही.

एवढा कष्टाचा अभ्यासक्रम असूनही जागांसाठी रांग का लागते, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. नर्सची टंचाई आहे हे खरे, पण नर्स घडविणाऱ्या शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी लागणाऱ्या रुग्णालयांतील जागांची टंचाई त्याहून बिकट आहे. अमेरिकेतील नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेनुसार २०२३ या एका वर्षात पदवी व पदव्युत्तर स्तरावर पात्र असूनही नाकारले गेलेले अर्ज ६५ हजारांहून अधिक होते. (एकच व्यक्ती अनेक ठिकाणी अर्ज करते. त्यामुळे हा आकडा अर्जांचा आहे, माणसांचा नव्हे.) दुसरीकडे पदवीधर नर्सची मागणी वाढत गेली. २०१० साली तेथील प्रतिष्ठित वैद्यकीय संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध करून २०२० पर्यंत ८० टक्के नर्स पदवीधर असाव्यात, अशी शिफारस केली. रुग्णालये पदविकेपेक्षा पदवी मागू लागली आणि पदवीच्या दारावरची गर्दी वाढली.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. अर्ज भरण्यापूर्वी ‘आपण कागदोपत्री कोण आहोत’ हे तपासावे लागते, आणि आमच्या मते सर्वांत मोठी फसगत येथेच होते. अमेरिकेचे नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हा मार्ग खुला आहे. त्यांना सरकारी कर्ज मिळू शकते, राज्याच्या विद्यापीठात स्थानिक रहिवाशाचे कमी शुल्क लागू होऊ शकते आणि पदवीनंतर नोकरीस आडकाठी नसते. पती एच-१बी परवान्यावर आणि पत्नी एच-४ वर असेल, तर पत्नीला शिकता येते. मात्र नोकरीचा परवाना तिला पतीच्या ग्रीन कार्डाचा अर्ज विशिष्ट टप्प्यापर्यंत मंजूर झाला असेल तरच मिळू शकतो. तो टप्पा आला नसेल, तर पदवी हाती आणि नोकरी दारापलीकडे, अशी स्थिती होते. पती स्वतः विद्यार्थी असून पत्नी एफ-२ परवान्यावर असेल, तर तिला पूर्णवेळ पदवी अभ्यासक्रम करताच येत नाही. आधी परवाना बदलून घ्यावा लागतो.

आणि जो पालक भारतातून मुलीला विद्यार्थी परवान्यावर पाठवू पाहतो, त्याने तर दहा वेळा विचार करावा. खासगी विद्यापीठात केवळ शिक्षणशुल्क ५० हजार डॉलरच्या पुढे जाणे नेहमीचे आहे, म्हणजे आपले ४० लाखांहून अधिक रुपये. राहणे-जेवणे वेगळे. पहिल्या वर्षाचा सर्व खर्च बँकेत दाखविल्याखेरीज परवान्याची कागदपत्रे तयार होत नाहीत. पदवीनंतर एक वर्ष काम करण्याची मुभा मिळते, पण अभियंत्यांना ज्या एच-१बी परवान्यावर पुढे राहता येते, तो खाटेशेजारी काम करणाऱ्या साध्या नर्सच्या पदाला सहसा मिळत नाही. ग्रीन कार्डाच्या ज्या रांगेत नर्स बसते, त्या रांगेत भारतात जन्मलेल्यांना दहा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागत आले आहे. रंगीत पत्रकात हे छापलेले नसते. म्हणून भूखंड विकू पाहणाऱ्या पालकांना आमचे उत्तर नकारार्थी आहे. त्यांच्या मुलीसाठी अधिक सरळ रस्ता आहे, तो पुढे सांगतो.

ज्यांच्यासाठी हा मार्ग खुला आहे, त्यांच्यापुढे पहिला अडथळा येतो तो आपल्या पदवीचा. आपली बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. ही पदवी आजवर तीन वर्षांची होती. अमेरिकेतील पदवी चार वर्षांची. तेथे आपल्या गुणपत्रिकांचे मूल्यांकन करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्था आहेत. त्या आपली पदवी समतुल्य ठरवतील की केवळ तीन वर्षांचे शिक्षण म्हणून नोंदवतील, हे महाविद्यालयाचा नॅक दर्जा, मिळालेली श्रेणी, तसेच त्या-त्या संस्थेचे नियम यांवर अवलंबून असते. एम.ए. किंवा एम.एस्सी. झालेली असेल तर बहुधा प्रश्न सुटतो. म्हणून एक पैसाही अन्यत्र खर्च करण्यापूर्वी प्रत्येक विषयाचे स्वतंत्र मूल्यांकन करून घ्यावे आणि ज्या विद्यापीठाकडे अर्ज करावयाचा, ते कोणत्या संस्थेचे मूल्यांकन स्वीकारते हे आधी विचारावे. गुणांची धास्ती मात्र घेऊ नये. बहुतेक ठिकाणी ४ पैकी किमान ३ अशी सरासरी मागितली जाते. आपल्याकडील ५८ टक्के म्हणजे तिकडील ५८ टक्के नव्हेत. मूल्यांकनात त्यांचे रूपांतर होते आणि आपल्या विद्यापीठांतील कंजूष गुणदान तेथील लोकांना ठाऊक असते.

याच ठिकाणी नावाचा घोळ उभा राहतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पदवीवर आईचेही नाव. पारपत्रावर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव. शिवाय आपल्या समाजात अनेक कुटुंबांनी जुने आडनाव टाकून नवे घेतले आहे, त्यामुळे मोठ्या बहिणीचे एक आणि धाकटीचे दुसरे, असेही आढळते. अमेरिकन कारकुनाला या सर्व एकाच स्त्रीच्या खुणा आहेत हे कळावे तरी कसे? राजपत्रातील नावबदलाची नोंद, विवाह प्रमाणपत्र आणि आवश्यक तेथे प्रतिज्ञापत्र ही कागदपत्रे एकत्र करून ठेवावीत. विद्यापीठाकडून मोहोरबंद गुणपत्रिका मागविण्यास नातेवाईक पाठवावा लागतो आणि महिने जातात. हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

त्यानंतर येतात पूर्वअट म्हणून ठरविलेले विषय. या लेखाच्या शीर्षकातील दोन वर्षे बहुतांशी येथे खर्ची पडतात. शरीररचना व शरीरक्रिया यांचे दोन भाग, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, जन्मापासून वार्धक्यापर्यंतच्या वाढीचे मानसशास्त्र आणि आहारशास्त्र, अशी सर्वसाधारण यादी असते. विज्ञानाचे विषय प्रयोगशाळेसह झालेले असावे लागतात. आमची एखादी विद्यार्थिनी म्हणेल की, आम्ही तर सूक्ष्मजीवशास्त्रातच पदवी घेतली आहे, पुन्हा का शिकावे? कारण अनेक विद्यापीठे पाच ते सात वर्षांपेक्षा जुने विज्ञानाचे विषय ग्राह्य धरीत नाहीत आणि काही ठिकाणी हे विषय अमेरिकेतच केलेले असावे लागतात. हे अन्यायाचे वाटले तरी तक्रारीत वेळ घालवू नये. हेच विषय तेथील सामुदायिक महाविद्यालयात, म्हणजे कम्युनिटी कॉलेजात, विद्यापीठाच्या मानाने बऱ्याच कमी शुल्कात होतात. संध्याकाळचे वर्गही असतात.

मात्र येथे घाई नडते. शरीररचनेचा पहिला भाग झाल्यावाचून दुसरा घेता येत नाही, तेव्हा दोन सत्रे जातातच. ती वाचवावीत म्हणून तीन-तीन विज्ञानाचे विषय एकाच सत्रात घेण्याचा मोह होतो. घर, मूल आणि परकी भाषा सांभाळून एका सत्रात दोन विषय पुरेसे आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रवेश देणारे लोक एकूण सरासरीपेक्षा या विषयांतील श्रेणी बारकाईने पाहतात. दहा वर्षांपूर्वी बी.ए.ला कमी गुण होते, पण आता शरीरक्रियेत उत्तम श्रेणी आहे, तर तो अर्ज वजनदार ठरतो. उलट एखाद्या विषयात काठावरची श्रेणी मिळाली, तर तो पुन्हा करूनही काही विद्यापीठे पहिलीच श्रेणी धरतात किंवा दोहोंची सरासरी काढतात. एक सत्र उशीर झालेला परवडतो. काठावरची श्रेणी पुढच्या प्रत्येक अर्जाबरोबर जाते. शेवटचे एक-दोन विषय चालू असताना अर्ज करण्यास बहुतेक ठिकाणी मुभा असते, एवढी सवलत लक्षात ठेवावी.

अनेक विद्यापीठे प्रवेशपरीक्षाही घेतात. टीज आणि हेसी या दोन परीक्षा प्रचलित आहेत. टीजमध्ये वाचन, गणित, विज्ञान व इंग्रजी यांचे मिळून १७० प्रश्न २०९ मिनिटांत सोडवावयाचे असतात. गणित आपल्या आठवी-नववीच्या पातळीचे. मात्र तोळा-शेर विसरून किलो-लिटरमध्ये वाढलेल्या आपल्या मुलींना इंच, पौंड आणि औंस नव्याने शिकावे लागतात. मराठी माध्यमातून आलेल्यांची परीक्षा खरी होते ती वाचनाच्या भागात. परिच्छेद समजतो, पण वेळ पुरत नाही. रोज एक तास घड्याळ लावून इंग्रजी वाचन, सहा महिने सलग, याला दुसरा उपाय नाही. खेरीज काही विद्यापीठे टोफेल किंवा आयईएलटीएसही मागतात.

कागदपत्रे आणि गुण यांनंतर उरतो तो स्वतःविषयीचा निबंध. एक-दोन पानांच्या या निबंधाबाबत आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण शिक्षक म्हणून असे अनेक मसुदे आमच्यासमोर आले आहेत. बहुतेक मसुदे फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या दिव्याने सुरू होतात आणि ‘रुग्णसेवा हीच खरी सेवा’ येथे संपतात. मधल्या जागेत लिहिणारी सापडत नाही. समितीपुढे असे शेकडो दिवे आलेले असतात. तिला जाणून घ्यावयाचे असते ते इतकेच, की या अर्जदाराला नर्सचे काम प्रत्यक्षात काय असते हे ठाऊक आहे काय, जुना विषय सोडून ती इकडे का आली आणि एवढा भार तिला पेलेल याचा पुरावा काय.

हा पुरावा आमच्या मुलींजवळ असतो, पण तो लिहिण्याजोगा आहे हे त्यांना वाटत नाही. निवासी शाळेत वाढलेल्या मुलीने पाचवीतल्या लहानगीच्या कपाळावर रात्रभर ओल्या पट्ट्या ठेवलेल्या असतात. खरजेची साथ आली तेव्हा अंथरुणे उकळलेली असतात. कावीळ झालेल्या मैत्रिणीचे ताट वेगळे ठेवताना तिला वेगळे पाडल्यासारखे वाटू नये, म्हणून तिच्याशेजारी बसून जेवलेली असते. ताट वेगळे ठेवण्याचा दुसरा अर्थ आपल्या समाजाला चांगला ठाऊक आहे. तो जाणणाऱ्या मुलीने संसर्ग आणि अवहेलना यांतला फरक अंथरुणाजवळ बसून शिकलेला असतो. हे तिने साध्या शब्दांत, काय केले आणि त्यातून काय कळले, एवढेच लिहिले तरी पुरे.

याउलट दुसरे टोकही आम्ही पाहतो. कोणी सल्ला देतो की दारिद्र्य, जात, वडिलांची मजुरी हे सर्व भरपूर लिहावे, त्याने समितीचे मन द्रवते. आम्हांस हा सल्ला मान्य नाही. जातीचा अनुभव लपवावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्या समाजात पहिली पदवीधर होणे हेच कर्तृत्व आहे, तेथे ते अवश्य सांगावे. परंतु आपल्यावर काय गुदरले याचे वर्णन दोन ओळींत आटोपून, आपण काय केले याला उरलेले पान द्यावे. दया मागणाऱ्या अर्जापेक्षा कामाचा हिशेब देणारा अर्ज अधिक वाचला जातो, आणि तो लिहिताना मानही ताठ राहते.

आरोग्यक्षेत्रातील थोडा अनुभव असेल तर निबंधाला बळ येते. तेथे नर्सिंग सहायकाचे प्रमाणपत्र असते. त्यासाठी केंद्रीय नियमानुसार किमान ७५ तासांचे प्रशिक्षण लागते. नोकरीचा परवाना असलेल्यांनी ते घेऊन वृद्धाश्रमात काही महिने काम करावे. नसलेल्यांनी रुग्णालयात स्वयंसेवक व्हावे. अंथरूण बदलणे, अंग पुसणे, मलमूत्राचे भांडे उचलणे हे काम एकदा केले, की आपल्याला हा व्यवसाय हवा की नको याचा निर्णय आपोआप होतो. तो प्रवेशाआधी झालेला बरा.

शिफारसपत्रांविषयी थोडेसे. आपल्याकडे शिफारसपत्र म्हणजे चारित्र्याचा दाखला : वर्तणूक चांगली, पुढील आयुष्यास शुभेच्छा. तेथे दोन किंवा तीन पत्रे मागतात आणि त्यांत प्रसंग हवे असतात. पत्र लिहिण्याचा दुवा थेट शिफारस करणाऱ्याच्या ई-मेलवर जातो. निवृत्त प्राचार्यांचे नाव आदरापोटी द्यावे आणि त्यांनी ई-मेल उघडूच नये, यात अर्जाची मुदत निघून जाते. ज्या शिक्षकाने अलीकडे शिकविले, उदाहरणार्थ कम्युनिटी कॉलेजातील शरीररचनेचे प्राध्यापक, त्यांचे पत्र अधिक उपयोगी. अनेक विद्यापीठांचे अर्ज नर्सिंगकॅस या एकाच सामायिक व्यवस्थेतून भरता येतात, पण सर्वांचे नव्हे.

विद्यापीठाची निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात. त्याला सीसीएनई किंवा एसीईएन यांची अधिस्वीकृती आहे काय, राज्याच्या नर्सिंग मंडळाची मान्यता आहे काय आणि तेथील विद्यार्थी परवाना परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात किती प्रमाणात उत्तीर्ण होतात. हे शेवटचे आकडे राज्यांची मंडळे प्रसिद्ध करतात. ती परीक्षा म्हणजे एनक्लेक्स. २०२३ पासूनच्या नव्या स्वरूपात तिचे ८५ ते १५० प्रश्न असतात आणि वेळ पाच तास. ती उत्तीर्ण झाल्याखेरीज पदवी असूनही नर्स म्हणून काम करता येत नाही. सोप्या वाटेचे आमिष अमेरिकेतही आहे. जानेवारी २०२३ मध्ये तेथील केंद्रीय तपास यंत्रणांनी फ्लोरिडातील काही नर्सिंग संस्थांकडून ७,६०० हून अधिक बनावट पदविका विकल्या गेल्याचे उघडकीस आणले. ज्यांनी त्या विकत घेतल्या, त्यांच्या परवान्यांवर गदा आली.

शिष्यवृत्तीबाबत एक बारकावा आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर व पीएच.डी. शिक्षणासाठी आहेत. द्रुतगती नर्सिंग ही दुसरी ‘पदवी’ असल्याने ती यांत बसत नाही. परंतु काही विद्यापीठांत अन्य विषयांच्या पदवीधरांना थेट नर्सिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात घेतात. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन गेले, तेथे असा १५ महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. शिष्यवृत्तीच्या अटींत विद्यापीठाचा जागतिक क्रमांक, वय आणि कौटुंबिक उत्पन्न यांचा समावेश असतो. त्या दरवर्षी जाहिरातीत वाचून पाहाव्यात. मात्र परवान्याची आणि पुढील नोकरीची जी अडचण वर सांगितली, ती शिष्यवृत्तीने सुटत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

आता येथील मुलींसाठी तो सरळ रस्ता. भारतात अन्य विषयांच्या पदवीधरांसाठी नर्सिंगचा द्रुतगती अभ्यासक्रम नाही. बारावी विज्ञान झालेल्या मुलीने चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंगच करावे. महाराष्ट्रात त्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली तर खर्च आवाक्यात राहतो. गुण कमी पडले तर तीन वर्षांची जी.एन.एम. पदविका घेऊन पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक पदवी पूर्ण करता येते. परदेशाची इच्छा असेलच तर नोकरीचा अनुभव घेऊन एनक्लेक्स द्यावी. तिचे केंद्र मुंबईतही आहे. भूखंड तसाच राहतो.

प्रवेशाचे पत्र आल्यावरही एक टप्पा उरतो : पूर्ववृत्ताची तपासणी, अमली पदार्थांची चाचणी, प्राथमिक जीवरक्षणाचे प्रशिक्षण आणि लसीकरणाचे पुरावे. गोवर, कांजिण्या, कावीळ-ब यांची लस घेतल्याची नोंद आपल्याकडे बहुधा सापडत नाही. तेव्हा रक्ततपासणीने प्रतिकारशक्ती सिद्ध करता येते. लहानपणी दंडावर बीसीजीची लस टोचलेली असल्याने क्षयाची त्वचाचाचणी सकारात्मक येण्याची शक्यता असते. त्याने घाबरून न जाता तेथील डॉक्टरांना ती खूण दाखवावी आणि त्याऐवजी रक्ताची चाचणी करण्यास सांगावे. या सर्वांस सहा-आठ आठवडे लागू शकतात, आणि सत्र मात्र ठरल्या दिवशीच सुरू होते.